क्रोशाच्या सुया कशा ठेवता? (कोकणातला पाऊस धरून सांगा)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. दोऱ्या-सुयांबद्दल धागा काढतेय, काय कोट्या करायच्या त्या एकदाच करून घ्या.

परवा घरातल्या क्रोशाच्या सुया पहिल्यांदाच मोजल्या. ४४ निघाल्या. आकडा ऐकून आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि "हात किती?" एवढंच विचारलं. त्यातल्या मी स्वतः विकत घेतलेल्या जेमतेम बारा. बाकीच्या येत गेल्या. भाची अमेरिकेहून आली तेव्हा पाच ठेवून गेली. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या सहा दिल्या. आणि २१ स्टीलच्या, त्या सासूबाईंच्या.

अडचण ह्या २१ सुयांची आहे. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा सुयांचा पत्र्याचा डबा कपाटाच्या खालच्या खणात होता. पाणी उतरल्यावर आठ दिवस नुसता गाळ उपसत होतो, सुयांची आठवण कोणाला? डबा सापडला तेव्हा आत चिखल थापलेला. धुतल्या, उन्हात वाळवल्या, दुसऱ्या डब्यात टाकल्या आणि विसरले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. नाहीतर त्यांनी आधी सुया शोधल्या असत्या, मग गॅस.

यंदा निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ आहे म्हणून गौरीसाठी रुमाल घेतला. वीस नंबरचा पांढरा दोरा, सासूबाईंचीच सुई. नागपंचमीपासून विणत होते. अकरा ओळी झाल्यावर उजेडात धरला तर खांबांच्या (उभ्या टाक्यांच्या) मुळाशी पिवळट तपकिरी ठिपके. गंज! लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला. ठिपके फिके झाले, पण मन उतरलं ते उतरलंच.

तर विचारायचं आहे ते असं. एक, आमच्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, तिथे ह्या सुया ठेवायच्या कशात? दोन, नंबरांचं काय करायचं? एकीवर नुसता ४, दुसरीवर १.२५, तिसरीवर ५/०, भाचीच्या सुयांवर तर इंग्रजी अक्षरं. ४ नंबरची सुई बारीक आणि ५/० चांगली जाड, हे कुठलं गणित? मी एकतीस वर्षं गणित शिकवलंय, मला लाज वाटतेय. तीन, दीड वर्षाचा नातू घरात आहे. फोटोत दिसतात तसे लाकडी स्टँड, त्यात सुया टोकं वर करून फुलदाणीसारख्या उभ्या, ते सुचवू नका.

आणखी एक बारीकसं. सासूबाईंच्या बहुतेक सुयांच्या दांडीला लाल दोरा घट्ट गुंडाळलेला होता. बोटाला रुतू नये म्हणून असेल. गंज नेमका त्याच्याखाली जास्त धरलाय, म्हणून ब्लेडने कापून टाकला. दोन सुयांवर हिरवा आहे, तेवढा कापायचा राहिलाय.

---

मस्तमौला

ऑनलाईन मिळतात की केस, चेनवाल्या. घेऊन टाका.

---

वाशिष्ठीकाठ

@मस्तमौला, घेतली होती. रेक्झिनची, आत इलास्टिकचे पट्टे. पहिल्याच पावसाळ्यात आतून बुरशीचा वास, दुसऱ्यात इलास्टिक ढिलं आणि रेक्झिनचे पोपडे सुयांना चिकटलेले. आता तिच्यात बिलं ठेवते.

---

सातपूर टूलरूम

विणकामातलं मला शून्य कळतं. बायको विणते, मी लडी धरतो. पण गंज आणि मापं ह्यात माझी चौतीस वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो.

ताई, जुन्या सुया बहुतेक साध्या पोलादाच्या असतात आणि वर निकेलचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर काही होत नाही. पुराच्या गाळात बारीक रेती असते. तुम्ही सगळ्या सुया एकत्र खळखळ धुतल्या असणार, रेतीने चरे पडले असणार. चरा पडला की ओल आत जाते आणि मुलाम्याखालून गंज पसरतो. त्यावर दोरा गुंडाळलेला असेल तर तो ओल धरून बसतो. म्हणजे ओला फडका बांधून ठेवल्यासारखंच.

आता करायचं काय? गंजलेल्या सुया व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा. रात्रभर नको, उरलेला मुलामाही जाईल. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि गरम तव्याजवळ ठेवून पूर्ण कोरड्या करा. "वाळतील आपोआप" हे चालणार नाही, त्या तासाभरातच नवा गंज धरतो. सुईच्या टोकाला जो वळलेला आकडा असतो त्याच्या खाचेत पॉलिश पेपर अजिबात घालू नका. जाड सुती दोऱ्याला ब्रासो लावा आणि तो खाचेतून मागेपुढे ओढा, विणताना दोरा सरकतो त्याच वाटेने. मग साबणाने धुवा.

त्यानंतर परीक्षा. पांढरं सुती कापड ओलं करून पिळा, त्यात सुई गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी डाग दिसला तर ती सुई पांढऱ्या कामातून बाद. नखावरून आकडा हळूच ओढून बघा, खरखर लागली तर दोऱ्याचे पदरही फाटणार. बाद सुया फेकू नका. शिलाई मशीनच्या दात्यांमधला कचरा काढायला ह्यासारखं हत्यार नाही.

आम्ही ड्रिल आणि रीमर तेलाचा हात फिरवून ठेवायचो. तुमच्याकडे तेल चालणार नाही, म्हणून ओल बाहेर ठेवणं हाच उपाय. रबरी गॅस्केट असलेला घट्ट डबा घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या बाटल्यांत, बुटांच्या खोक्यांत येतात त्या. हवाबंद डब्यातच त्यांचा उपयोग. कापडी पिशवीत टाकल्या तर त्या अख्ख्या चिपळूणची हवा सुकवायला बघतील. निळ्या दाण्यांचं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, ते बघायला सोयीचं, पण घरात लहान मूल आहे तर पांढरं घ्या. निळ्यातलं रसायन पोटात जाता कामा नये. खडूची कांडी ठेवणंही चुकीचं नाही, पण तिची ताकद थोडी.

दोन गोष्टी डब्यात नकोत, स्पंज आणि रबरबँड. स्पंज ओल धरतो आणि काही वर्षांनी चिकट भुगा होतो. रबरबँड उन्हाळ्यात वितळून धातूला चिकटतो.

लावून कशा ठेवायच्या म्हणाल, तर टूलरूममध्ये लाकडी ठोकळ्यात मापाप्रमाणे भोकं असायची आणि प्रत्येक ड्रिल आपल्या भोकात. पाळी संपताना आम्ही ड्रिलं मोजत नसू, रिकामी भोकं बघायचो. ३.२ चं भोक रिकामं दिसलं की ते कोणाच्या मशीनवर राहिलंय ते लगेच कळायचं. तुमच्या सुयांनाही एकेक ठरलेलं घर द्या, कापडात का होईना.

नंबरांवर विश्वास ठेवू नका. व्हर्निअर घ्या, साधा चालेल, आणि मिलिमीटरमध्ये मोजा. मोजायचं आकड्याच्या टोकाला नाही आणि अंगठा टेकतो त्या चपट्या भागालाही नाही. मधल्या गोल दांडीवर, जिथे तुमचा टाका बसतो तिथे. स्टीलची सुई निमुळती असते, तेव्हा आकड्याच्या अगदी जवळ मोजलंत तर कमी भरेल. (हे बायकोला विचारून लिहिलं.)

---

बदलापूर लेडीज डबा

ताई, दादांनी सगळं सांगितलंच आहे. माझा गोतावळा वेगळा आहे. मी खेळणी करून विकते, ससे, हत्ती, मागणी असेल तर गणपतीही. विणकाम बहुतेक सगळं लोकलमध्ये, बदलापूर ते भायखळा, बसायला मिळालं तर. त्यामुळे घरी हुक्स किती का असेनात, पर्समध्ये तीनच: २.५, ३ आणि ३.५. ते टूथब्रशच्या प्लास्टिकच्या डबीत राहतात, प्रवासाला नेतो ती लांबट. एक सुई, कात्री आणि टाक्यांच्या खुणेच्या पिना पण मावतात. डबीला आतून हुक्सखाली थोडं फ्लॅनेल घातलंय, नाहीतर पर्समध्ये खडखड वाजतं आणि बाजूची बाई बघायला लागते.

हुक सीटच्या फटीत गेला की गेला. मी चार घालवलेत. म्हणून २.५ चे आता दोन आहेत, एक पर्समध्ये आणि एक घरी. अंबाड्यात खोचायची सवय असेल तर गर्दीच्या गाडीत अजिबात खोचू नका. माझा एकदा उतरताना पुढच्या बाईच्या ओढणीत अडकून कल्याणलाच उतरून गेला.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. सुया हरवतात त्यापेक्षा जास्त वेळा त्या अर्धवट कामातून बाहेर निघतात. दुसऱ्या कामाला ३ चा हवा असतो म्हणून आपण ससा अर्धा टाकून त्यातला काढून घेतो. दोन महिन्यांनी ससा उघडतो तेव्हा आठवत नाही. माझ्या एका सशाचा डावा कान ३ ने झालाय आणि उजवा ३.५ ने. भाचीने तोच हट्टाने मागून घेतला ते सोडा, पण गिऱ्हाईक असतं तर परत आला असता. तेव्हापासून प्रत्येक अर्धवट काम वेगळ्या चेनच्या पिशवीत, आत चिठ्ठी: हुक किती मिमी, लोकर कुठली आणि कितव्या फेरीला थांबले. हुक काढायचाच असेल तर चिठ्ठी लिहिल्याशिवाय काढायचा नाही. हा नियम मी स्वतःसुद्धा चारातून एकदा मोडते.

आणि अल्युमिनियमचे हुक्स बघा हं, ते गंजत नाहीत पण घासून घासून करडा रंग सोडतात. फिक्या लोकरीला लागतो. अधूनमधून साबणाने धुवून पुसायचे.

---

योकोहामाकर

नंबरांचा गुंता मी सोडवते, कारण ५/० लिहिलेली सुई इकडची असणार.

जपानमध्ये दोन मापं चालतात आणि ती उलटसुलट पळतात. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुयांना इथे लेस सुया म्हणतात. त्यांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते: ० म्हणजे १.७५ मिमी, २ म्हणजे १.५०, ४ म्हणजे १.२५, ६ म्हणजे १.००, ८ म्हणजे ०.९०, १० म्हणजे ०.७५. लोकरीच्या जाड सुया म्हणजे कागीबारी. त्यांच्या नंबरापुढे /० असतं आणि तिथे नंबर वाढला की सुईही जाड होते: ५/० म्हणजे ३ मिमी, ६/० म्हणजे ३.५, ७/० म्हणजे ४, ८/० म्हणजे ५, १०/० म्हणजे ६. म्हणजे तुमची "४" आणि "१.२५" बहुतेक एकाच मापाच्या निघतील, मोजून बघा.

भाचीच्या सुयांवरची अक्षरं अमेरिकन. ई ३.५, जी ४, एच ५ मिमी. अमेरिकन स्टीलच्या सुयांना पुन्हा वेगळे नंबर, आणि ते तर कंपनीगणिक थोडे बदलतात. जुनं ब्रिटिश मापही कुठे कुठे भेटतं, त्यात १४ म्हणजे २ मिमी आणि ८ म्हणजे ४. तेव्हा गणिताच्या बाई, लाज तुम्हाला नको, ज्यांनी हे केलं त्यांना वाटू द्या.

हिरोशिमात सुया बनवण्याचा धंदा जुना आहे. ट्युलिप ही क्रोशाच्या सुयांची कंपनी तिथलीच. इथेही जून-जुलैत पावसाळा असतो आणि कपाटं ओलसर होतात. खाऊच्या पाकिटांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या इथे सगळेच जपून ठेवतात. एक मात्र सांगते. त्यातल्या काही सिलिका जेलच्या असतात आणि काही कळीच्या चुन्याच्या. चुन्याची पुडी पाणी लागलं की तापते. तुमच्याकडे परदेशी खाऊतून आलेली पुडी असेल तर ती सुयांच्या डब्यात घालू नका, नातवाच्या हाताशी तर नकोच.

बांबूच्या सुया मात्र थेट हवाबंद करू नका. आधी चार दिवस कोरड्या हवेत ठेवा, मग बंद करा. आतच ओल राहिली तर काळे ठिपके येतात.

---

टू बाय टू

घरटी एक तरी खण ओटीच्या ब्लाउजपीसनी भरलेला असतो, त्यातलेच दोन काढा. गुंडाळायची घडी शिवता येते, माझ्या तिघी मैत्रिणींना दिली आहे. नुसता रुबिया घेऊ नका, सुईचं टोक आरपार जातं. आत जुन्या जाड चादरीचं अस्तर घाला.

दोन्ही कापडं ४६ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच कापा. उलट बाजूने शिवून, सुलट करून, इस्त्री करून ४४ बाय ३८ राहील. खालची कड १० सेंमी वर दुमडा, ते झाले खिसे. वरची कड १० सेंमी खाली येईल, ते झाकण. मध्ये १८ उंची राहते, १५ सेंमीची सुई आरामात मावते आणि झाकण खिशांच्या तोंडावर दोन सेंमी चढतं, त्यामुळे उलटी धरली तरी सुई पडत नाही. उभ्या शिवणी मारा: बारीक सुयांना २ सेंमीचे तेरा खिसे, जाड मुठीच्या सुयांना ३ सेंमीचे सहा. एकूण एकोणीस. कडेला नाडी.

सुई आकडा वर करून ठेवायची. आकडा खाली ठेवलात तर तो शिवणीत अडकतो आणि काढताना कापडाचे दोरे ओढून आणतो. खिशावर माप भरतकामाने घाला, पेनाने लिहिलेलं धुण्यात जातं. खणाचं कापड दिसायला सुंदर, पण ते मी वापरत नाही, काठ जाड होऊन गुंडाळी नीट बसत नाही.

---

कराडची आजी

(नात टाइप करतेय, मी सांगतेय.)

बाई, तुमचं सगळं वाचलं. बाकीचं ठीक आहे, पण तो लाल दोरा बोटाला रुतू नये म्हणून नव्हता हो. ती खूण होती.

आमच्या वाड्यात दुपारी जेवणं आवरली की सोप्यावर आठ-दहा जणी विणायला बसायच्या. दुकानात एकाच प्रकारच्या सुया मिळायच्या, सगळ्यांच्या सारख्या. भांड्यांवर नाव घालणारा दारावर यायचा, टकटक करून वाटीवरसुद्धा नाव घालून द्यायचा. एवढ्याशा सुईवर तो काय घालणार? म्हणून प्रत्येकीचा एकेक रंग. माझा पिवळा. समोरच्या वहिनींचा निळा. आमच्या जाऊबाईंनी आधी पांढरा घेतला, तो मळून कुणाचाच राहीना, मग जांभळा केला. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवताला सगळ्या मिळून विणायचो, तोरणं, पंख्यांच्या झालरी, ताटावरचे रुमाल. मग सुयांची देवाणघेवाण व्हायची. नमुना घातलेली सुई तशीच कामासकट द्यायची, म्हणजे हात बदलला तरी सुई तीच. ह्या डब्यातल्या मुलीने चिठ्ठीचं सांगितलं ना, आमची चिठ्ठी ती.

तुम्ही लाल कापलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, गंजला होता. पण हिरवा कापू नका. त्या दोन सुया तुमच्या सासूबाईंच्या नाहीत. कुणाच्या आहेत ते शोधा.

---

वाशिष्ठीकाठ

आजी, नमस्कार करते. तुमचं उत्तर रात्री साडेअकराला वाचलं आणि उठून डबा काढला. ह्यांना वाटलं पाणी आलं.

सगळं एकदम लिहिते, मध्ये पंधरा दिवस गेलेत.

आधी सुया. सातपूरच्या दादांनी सांगितलं तसं सगळं केलं. २१ पैकी सहा बाद झाल्या, ओल्या कापडावर डाग सोडतात. एक मशीनच्या खणात गेली, एक ह्यांनी नेली. बेसिनच्या जाळीतले केस काढायला ती किती उत्तम आहे हे ते आल्यागेल्याला सांगत असतात. चार अजून टाकवत नाहीत, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आहेत.

व्हर्निअर शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन दिवसांसाठी मागून आणला. योकोहामाकर, तुम्ही बरोबर. "४" आणि "१.२५" एकच. पण गंमत पुढे आहे. ह्या एकवीसपैकी सात सुया १.२५ च्या निघाल्या. सात! वेगवेगळे नंबर, दोन-तीन कंपन्या, आणि माप एकच. म्हणजे सासूबाईंना एक माप हाताला बसलेलं होतं आणि नंबर काही का असेना, दुकानात बोटांनी चाचपून त्या तीच सुई घेत असणार. मी मात्र २१ सुया म्हणजे २१ मापं असं धरून बसले होते. पूर्ण संच लावायचा म्हणून मध्ये कुठली मापं नाहीत त्याची यादीही केली होती. ती फाडली.

टू बाय टू, घडी शिवली. एक नाही, दोन. पहिलीत बकरम घातलं (माझीच अक्कल), ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, गुंडाळेना. दुसरी तुमच्या मापाने, चादरीचं अस्तर घालून. ब्लाउजपीस सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नातला, राणी रंग. मी आयुष्यात तो शिवला नसता, सुयांना मात्र शोभतो. खिशांवर मापं लाल दोऱ्याने भरली आहेत. १.२५ चे तीन खिसे ओळीने केले, बाकीच्या जादा सुया तळाशी फडक्यात. भाचीच्या सुया जाड खिशांत, अक्षराच्या जागी आता मिमी. तीन मापांचे खिसे रिकामे आहेत, ते रिकामेच राहू देत. शिवाय दादांचं ऐकून रात्री घडी बंद करताना खिसे बघते. परवा २ चा रिकामा दिसला. सोफ्याखाली, नातवाच्या गाडीशेजारी सापडला. त्या दिवसापासून घडी डब्यात आणि डबा वरच्या फळीवर. डबा गॅस्केटचा आहे, आत पांढऱ्या जेलच्या चार पुड्या. बांबूच्या पाच अजून बाहेर वाळताहेत, कोरडी हवा दिवाळीनंतरच मिळेल. प्लास्टिकच्या सहा डब्यात नाहीत. नातवाने मागितल्या तर देण्यासारख्या त्याच.

रुमाल उसवला. अकरा ओळी. नवा दोरा, धुतलेली १.२५. गौरी येऊन गेल्या, तो आता पुढच्या वर्षी.

आता हिरवा दोरा. वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, हिरवा म्हणजे मागच्या आळीतल्या काकू, आणखी कोण? त्या काकू आता ८६ वर्षांच्या, मुलाकडे सांगलीला असतात. नंबर मिळवून फोन लावला. मी कोणाची सून हे सांगताच त्यांनी विचारलं, "एक जाडी आणि एक बारकी ना?" मी काही बोलायच्या आत! मोजलेल्या होत्याच, १.७५ आणि १.००.

मी म्हटलं, काकू, दोन्ही पाठवून देते. त्या म्हणाल्या, जाडी माझी, ती पाठव. बारकी माझी नाही. ती मी पोस्टातल्या बाईंकडून आणली होती, परत द्यायची राहिली, म्हणून आपला हिरवा बांधून ठेवला, मग तुझ्या सासूने नेली. पोस्टातल्या बाई कुठे आहेत? त्या कधीच गेल्या.

मग म्हणाल्या, तुमची एक लाल माझ्याकडे आहे. मी म्हटलं, द्या की, बघायला तरी. "ती नाही देणार. तिने मी अजून विणते."

जाडी काल पार्सलने गेली, हिरव्या दोऱ्यासकट. बारकी डब्यात आहे. तिला खिसा केलेला नाही.